चौदा मिलिमीटर

मे महिन्यात माझा उजवा खांदा आखडला आणि ज्या बंदुकीने मी एकोणीस वर्षे नेम धरला, ती एका आठवड्यात माझ्या हातून सुटली. बंदुकीत बिघाड नव्हता. क्लबाची ती जुनी एअर रायफल स्प्रिंगवर चालते. प्रत्येक छर्ऱ्याआधी बाजूचा दांडा मागे ओढून स्प्रिंग ताणावी लागते. सामान तोलण्याच्या काट्याने मी तो जोर मोजला. साडेनऊ किलो भरला. एका सामन्यात चाळीस वेळा, शिवाय आधीचे सरावाचे दहा-पंधरा. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "बारा ते अठरा महिने लागतील. कदाचित कायमचंही राहील." चिनी मातीच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत मी तीस वर्षे भट्ट्यांचे तापमान मोजत आले आहे, इतक्या ऐसपैस अंदाजाला तिथे कोणी उत्तर म्हटले नसते.

जूनमधले चार शुक्रवार क्साव्हरने माझ्यासाठी दांडा ओढला. क्साव्हर हा आमच्या क्लबाचा नेमबाजीप्रमुख. वय एकाहत्तर, व्यवसाय सुतारकी, आता निवृत्त. तो माझ्या उजवीकडे उभा राहायचा, दांडा ओढायचा, छर्रा ठेवायचा आणि बंदूक ताटासारखी दोन्ही हातांनी पुढे करायचा.

"घे बुर्गल. गरम आहे तोवर खा."

चौथ्या शुक्रवारी मी बंदूक खाली ठेवली. "पुरे झालं, क्साव्हर."

"अगं, मला कसला त्रास? तेवढाच व्यायाम."

"तुला नाही. मला होतोय."

आमच्या क्लबात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. डॉक्टरेट दाराबाहेर कोटाच्या खुंटीला टांगून आत यायचे, असा रिवाज आहे. त्यामुळे ओटिलीनेही शब्द चावले नाहीत. ओटिली गावची बेकरी चालवते आणि पहाटे तीनला उठत असल्यामुळे संध्याकाळी तिच्याजवळ सौजन्य शिल्लक नसते.

"तुझा मान-अपमान नंतर बघू," ती म्हणाली. "ऑक्टोबरात लीग सुरू. लीगमध्ये दुसऱ्यानं भरून दिलेली बंदूक चालत नाही. आपण चौघं आहोत म्हणून संघ आहे. तू गेलीस की तीन. तिघांचा संघ कोणी घेत नाही. मग शुक्रवारी इथं येऊन काय करायचं? क्साव्हरच्या गुडघ्याची कहाणी ऐकायची?"

"गुडघ्याची कहाणी मोठी आहे," क्साव्हर म्हणाला. "हिवाळाभर पुरेल."

चौथा ओटिलीचा जावई बेन्नो. तो बोलत नाही, पण नेम बरा धरतो.

उपाय उघड होता आणि तो मलाच करायचा होता: आधीच हवा भरलेली बंदूक घेणे. तिच्या नळीखाली एक छोटा सिलिंडर असतो. त्यात पाण्याखाली पोहणाऱ्यांच्या हवेच्या बाटलीतून दोनशे बार दाबाची हवा भरून घ्यायची. मग शेकडो छर्रे सुटतात आणि प्रत्येकासाठी एका बोटाने झडप उघडून मिटण्यापलीकडे काही करावे लागत नाही. गावोगावच्या क्लबांनी अशा बंदुका केव्हाच घेतल्या आहेत. आमच्या क्लबात एक आहे, पण तिचा दस्ता, म्हणजे गालाला आणि खांद्याला टेकणारा भाग, डावखुऱ्यासाठी घडवलेला. ज्या डावखुऱ्यासाठी ती घेतली, तो लग्न करून हॅम्बुर्गला गेला.

"दोनशे बार?" क्साव्हरने विचारले. "माझ्या ट्रॅक्टरच्या टायरात दीड असतं. तेवढ्यावर टायर फुटला तर शेजारच्या गावात कळतं. आणि हे तू गालाशी धरणार?"

"गालाशी नळी नसते, दस्ता असतो."

"फुटल्यावर तेवढा फरक कोण बघतंय!"

जूनअखेर नेमबाजीचे दालन उन्हाळ्यासाठी बंद झाले. ते सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी उघडणार होते. माझ्या हाती अकरा आठवडे होते आणि मी ते पद्धतशीरपणे वापरायचे ठरवले. मी एक तक्ता केला. त्यात चौदा रकाने होते, आणि प्रत्येक रकान्यात काय टाकायचे याविषयी गावात किमान दोन ठाम मते होती. क्साव्हरच्या मते फक्त कसोटीचे कार्ड पाहायचे. प्रत्येक नव्या बंदुकीच्या खोक्यात, कारखान्याने बंदूक शिकंज्यात आवळून झाडलेल्या पाच छर्ऱ्यांचे कार्ड असते. क्साव्हर आपल्या बंदुकीचे असे कार्ड पाकिटात बायकोच्या फोटोशेजारी ठेवतो.

"एकच भोक," तो म्हणाला. "पाच छर्रे, एक भोक. याला म्हणतात नळी."

"पाच छर्ऱ्यांवरून काही कळत नाही. वाईट नळीसुद्धा अधूनमधून पाच छर्रे एका भोकात टाकते, आणि कारखाना ते कार्ड खोक्यात घालतो."

"म्हणजे माझं कार्ड खोटं?"

"खोटं नाही, अपुरं."

त्यानंतर तो आठवडाभर माझ्याशी फक्त हवामानाविषयी बोलला.

ओटिलीचे मत लाल रंगाच्या बाजूचे होते. "लाल घे. हरलो तरी फोटोत बरं दिसतं."

जिल्ह्याच्या गावी डायन्हार्ट नावाचे बंदूकविक्रेते आहेत. त्यांच्या दुकानाच्या तळघरात नेमबाजीसाठी दहा मीटरांची पट्टी आहे. जुलैच्या शेवटी मी त्यांच्याकडे तीन बंदुका निश्चित केल्या. पहिली अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्याची, जिच्यावर एकतीस ठिकाणी स्क्रू पिळून काही ना काही पुढे-मागे, वर-खाली करता येत होते. दुसरी लाकडी दस्त्याची, सहा जुळवण्यांची. तिसरी वापरलेली, स्वस्त. पण तिच्या सिलिंडरची दहा वर्षांची मुदत येत्या मार्चमध्ये संपत होती.

"मला प्रत्येकीतून चाळीस छर्रे शिकंज्यातून झाडायचे आहेत," मी सांगितले.

डायन्हार्टनी चष्मा पुसला. "डॉक्टरबाई, लोक साधारणतः बंदूक खांद्याला लावून बघतात."

"खांद्याला लावल्यावर मी खांदा मोजेन. मला बंदूक मोजायची आहे."

त्यांनी शिकंजा लावून दिला. एकशे वीस छर्रे झाडायला दोन तास लागले. त्या वेळात त्यांनी तीन गिऱ्हाइके केली आणि वर जाऊन जेवणही उरकले. आकडे मी घरी मांडले. शिकंज्यातून तिन्ही बंदुकांचे विखुरणे मिलिमीटरच्या पाच ते सात दशांशांत होते. माझे स्वतःचे, एकोणीस वर्षांच्या नोंदींवरून, साडेतीन मिलिमीटर. अशी दोन विखुरणे सरळ मिळवता येत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करावी लागते. ती केल्यावर सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट नळीतला फरक माझ्या कार्डावर पोहोचेपर्यंत मिलिमीटरचे तीन शतांश एवढा उरला. केसाची जाडी याच्या दुप्पट असते.

थोडक्यात, नळी कोणतीही घेतली तरी चालणार होते. उन्हाळ्याचे पाच आठवडे मी अशा गोष्टीचे मोजमाप करण्यात घालवले होते, जिचा माझ्याशी संबंध नव्हता. हा निष्कर्ष बरोबर होता आणि त्यामुळेच त्याचा संताप आला.

उरला दस्ता. तिथे मी तत्त्वाला धरून चालले. ज्या सूत्रात एकतीस चल असतात, ते कोणत्याही आकड्यांवर बसवता येते आणि त्यातून काहीही शिकता येत नाही. आमच्या कारखान्यात एका नव्या भट्टीवर एवढी बटणे होती की तिच्यात काय बिघडले हे शोधायला दोन वर्षे लागली. मी लाकडी बंदूक घ्यायचे ठरवले.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी मी ती घ्यायला गेले. बाहेर चौतीस अंश होते. मी बिनबाह्यांच्या सुती झग्यात होते. डायन्हार्टनी बंदूक माझ्या खांद्याला लावून दस्त्याच्या मागच्या पट्टीची लांबी जुळवली, आणि मग विचारले, "तुमचं नेमबाजीचं जाकीट आणलंय का?"

त्यांच्या डाव्या हाताला जाकिटांचा स्टँड होता. एकेकाची किंमत चारशे युरोंच्या पुढे. ज्याला एखादी वस्तू विकायची आहे, त्याने त्याच वस्तूविषयी विचारलेल्या प्रश्नाचे वजन मी नेहमी शून्य धरते.

"जाकीट आहे माझ्याकडे," मी म्हणाले. "नवं नको आहे."

"तसं नव्हतं म्हणायचं—"

"हीच लांबी ठीक आहे. डोळा बरोबर नेमाच्या चकतीतल्या भोकासमोर येतो."

त्यांनी पट्टीचा स्क्रू आवळला. गिऱ्हाईक डॉक्टरबाई असले की विक्रेते लवकर गप्प बसतात, आणि मी ते मान्यता म्हणून घेतले.

पुढचा महिना मी घराच्या माळ्यावर सराव केला. तिरप्या छपराखाली बरोबर दहा मीटर आणि वीस सेंटिमीटर जागा मिळाली. कौलांखाली उष्णता असह्य होती. जाकिटाचा प्रश्नच नव्हता. झडप एका बोटाने उघडत होती. दर दहा छर्ऱ्यांनंतर मी बसून घेत होते, त्यामुळे खांद्याने तक्रार केली नाही. चारशेपैकी तीनशे तेहतीस, तीनशे छत्तीस असे गुण येत होते. जुन्या बंदुकीने माझी सरासरी साडेतीनशे होती, पण ती जाकीट घालून. जाकीट कडक असते, पाठीला आणि खांद्याला आधार देते. त्याचे पंधरा गुण मी मनातल्या मनात वर मिळवून टाकले. जाकीट ही निव्वळ बेरीज आहे, असे मी गृहीत धरले. ते कुठे लिहिलेले नव्हते आणि मी तपासलेही नाही.

सप्टेंबरचा तिसरा शुक्रवार. दालन उघडले. मी लोकरीचा स्वेटर, त्यावर जाकीट असा हंगामाचा पोशाख चढवला, पट्टे आवळले, बंदूक उचलून खांद्याला लावली, आणि नेमाच्या मागच्या चकतीतले भोक मला दिसेना. दिसत होते ते भोक नव्हे, भोकाचा ठिपका. डोळा त्याच्यापासून खूप मागे राहिला होता. मान पुढे ताणली तर गाल दस्त्यावरून घसरत होता. मी तरीही चाळीस छर्रे झाडले. तीनशे अठरा. सर्व छर्रे वर आणि उजवीकडे, एखाद्या कळपासारखे.

ओटिलीने दोरी ओढून माझे कार्ड जवळ आणले. "तुझ्या शेजाऱ्यानं झाडले का हे?"

"बंदूक लांब पडतेय."

"बंदूक वाढते का?" तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि तिचा आवाज बदलला. "बुर्गल. दुकानात जाकीट घालून बसवली होतीस ना?"

मी जाकिटाचे पट्टे सोडू लागले.

"अगं बाई. आमच्या बेन्नोलासुद्धा कळतं ते."

बेन्नोने मान डोलावली. त्या संध्याकाळचे ते त्याचे एकमेव विधान होते.

घरी मी कॅलिपरने मोजले. खांद्यावरचे चामड्याचे ठिगळ आणि त्याखालचे कापड, दहा मिलिमीटर. स्वेटर, दाबून, चार. एकूण चौदा. लाकडी दस्त्याची पट्टी आणखी पाच मिलिमीटर आत जात होती. नऊ उरत होते. अ‍ॅल्युमिनियमच्या बंदुकीवर हे काम एका किल्लीने अर्ध्या मिनिटात झाले असते. एकतिसांपैकी तो पहिलाच स्क्रू होता.

सोमवारी मी डायन्हार्टना गाठले.

"आखूड दस्ता कारखान्यातून मागवतो," ते म्हणाले. "आठ आठवडे."

"सामना चार तारखेला आहे. बदलून अ‍ॅल्युमिनियमची द्या. वरचे पैसे मी भरते."

"डॉक्टरबाई, हजार छर्रे झाडलेली बंदूक मी नवी म्हणून कशी विकू?" त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. "मी विचारलं होतं हो तुम्हाला."

"विचारलं होतंत. स्टँडशेजारी उभे राहून विचारलंत."

"मग कुठं उभा राहू? दुकान माझंच आहे."

मी घरी परतले. जाकिटाशिवाय, पण सामन्यासारखे सलग खेळून पाहिले, तर तिसाव्या छर्ऱ्यानंतर आधाराविना खांदा असा ठणकू लागला की बंदूक वर राहीना. स्वेटर काढला, तर चारच मिलिमीटर वाचले. सामन्याला दहा दिवस उरले असताना माझ्याजवळ एक उत्तम नळी, दोनशे बार हवा आणि माझ्या अंगाला न बसणारे लाकूड होते.

लाकूड हा शब्द क्साव्हरपुढे उच्चारायचा नव्हता. पण ओटिलीने पावाबरोबर बातमीही घरोघर पोहोचवली होती, आणि मंगळवारी तो बारीक दातांची करवत घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"नऊ मिलिमीटर ना? आण इकडं. कॉफी उकळेपर्यंत होईल."

"नव्या बंदुकीला करवत लावायची नाही, क्साव्हर. कापलेलं परत जोडता येत नाही."

"चाळीस वर्षं मी दारं कापली. कापल्यावर एकही दार परत वाढलं नाही. म्हणून तर नीट कापली." तो खुर्चीवर बसला. "जाकीट घाल. डोळे मीट. बंदूक लाव."

"याला मोजमाप म्हणत नाहीत."

"घाल तर खरं."

मी घातले, डोळे मिटले, बंदूक लावली. डोळे उघडले तेव्हा तो बाजूला उभा राहून माझ्या मानेकडे पाहत होता. मग म्हणाला, "अकरा."

"नऊ. कॅलिपरनं मोजलेत."

"तू कापड मोजलंस. जाकीट घातलं की तू ताठ होतेस आणि मान मागं जाते. दोन मिलिमीटर तिथं गेले."

"मानेचे दोन मिलिमीटर तुला नुसत्या डोळ्यांनी दिसतात?"

"दाराची फट मला तीन पावलांवरून दिसते."

"त्यातली चूक किती, प्लस-मायनस?"

"प्लस-मायनस सुतार," तो म्हणाला.

आम्ही तासभर भांडलो. शेवटी मी नऊवर अडून राहिले; तर्क साधा होता की नऊचे अकरा केव्हाही करता येतात, अकराचे नऊ कधीच नाहीत. हा तर्क त्याला खोडता आला नाही, आणि त्यामुळे तो जास्तच चिडला. रेघ मी स्वतः मारली, कठीण शिसाच्या पेन्सिलीने. क्साव्हरने दस्ता दोन फडक्यांत गुंडाळून माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलाला बांधला. करवत फिरत असताना मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले. काप इतका स्वच्छ होता की त्याला घासकागद लागला नाही. पट्टी परत बसवून त्याने बंदूक माझ्या हातात दिली आणि कॉफी न घेताच गेला.

त्यानंतरच्या दोन सरावांत तीनशे सदतीस आणि एकोणचाळीस. भोक आता दिसत होते. गाल टेकत होता. तरी तिसाव्या छर्ऱ्याच्या पुढे मान कुठेतरी ताणल्यासारखी वाटायची. वाटणे ही नोंद नव्हे, म्हणून ती मी लिहिली नाही.

चार ऑक्टोबरला, शुक्रवारी सात वाजता, नदीपलीकडच्या गावाचा संघ आमच्याकडे आला. खालच्या खानावळीतून व्हिनेगरमध्ये शिजलेल्या कांद्याचा आणि सॉसेजचा वास दालनात येत होता; खाणे सामन्यानंतर. पाहुण्यांच्या कप्तानाने माझी बंदूक पाहून विचारले, "नवीन? अभिनंदन हं. दस्ता जरा आखूड नाही का?"

"खास करून घेतलाय," ओटिली म्हणाली. "तुमच्यासारख्यांना परवडायचा नाही."

क्साव्हरची पाळी दुसऱ्या तुकडीत होती, तो माझ्या शेजारी नव्हता. माझ्या उजवीकडे कोणीही उभे नव्हते. ती जागा मला जूनमध्ये होती त्याहून रुंद वाटली. मी झडप उघडली, छर्रा ठेवला, झडप मिटली. चाळीस वेळा. एकेचाळिसावे मिनिट चालू असताना शेवटचा छर्रा सुटला. खांदा दुखला, पण धमकी न देता.

कार्डे गुण मोजणाऱ्या यंत्रातून निघाली. बेन्नो तीनशे बहात्तर. ओटिली तीनशे एकसष्ट. क्साव्हर तीनशे पंचावन्न. मी तीनशे एकेचाळीस. पाहुण्यांची बेरीज आमच्याहून सात गुणांनी जास्त होती. माझ्या जुन्या सरासरीपासून मी नऊ गुणांनी मागे होते.

पाहुणे खाली जेवायला गेले. आम्ही चौघे कार्डांभोवती उभे राहिलो. माझे छर्रे यावेळी कळपाने गेले नव्हते. पण शेवटच्या दहांतले सहा किंचित वर होते.

"नऊ गुण," मी म्हणाले. "यातले खांद्याचे किती, बंदुकीचे किती आणि नव्या सवयीचे किती, हे एका सामन्यावरून वेगळं काढता येणार नाही."

"सगळे तुझेच आहेत," ओटिली म्हणाली. "वेगळे काढून कुणाला देणारेस?"

क्साव्हर माझ्या कार्डाच्या वरच्या कडेकडे बोट दाखवून म्हणाला, "अकरा."

"एका सामन्यावरून नाही."

"करवत गाडीत आहे."

"गाडीतच राहू दे. पाच सामन्यांच्या नोंदी होईपर्यंत या लाकडाला कोणी हात लावायचा नाही."

"पाच?" ओटिलीने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे तुझ्या दोन मिलिमीटरांपायी आम्ही पाच सामने हरायचे?"

"चारच. आजचा धरून पाच."

क्साव्हरने दोन्ही हात वर केले, बेन्नोकडे पाहिले, आणि बेन्नोने, ज्याने आजवर कोणाची बाजू घेतलेली मला माहीत नाही, अंगठा आणि पहिले बोट एकमेकांपासून अगदी थोडे दूर धरून दाखवले. ते अंतर, माझ्या अंदाजाने, दोन मिलिमीटर होते.

"तूसुद्धा?" मी म्हणाले.

"सॉसेज निवतायत," बेन्नो म्हणाला.

ते खाली उतरले. मी मागे राहून सिलिंडरचा दाबमापक वाचला, कोरे पान काढून तारीख घातली, गुण लिहिले आणि शेरा या रकान्यापाशी थांबले. मग लिहिले: "तिसाव्या छर्ऱ्यानंतर मान ताणते." वाटणे ही नोंद नव्हे, हे वाक्य मला ठाऊक होते, पण दुसऱ्या कोणत्याही उपकरणाने मानेचा तो ताण आजवर मोजला नव्हता. खालून ओटिली ओरडत होती की चौथे ताट कोणाचे, आणि खायचे नसेल तर तसे सांगावे. मी बंदूक पेटीत ठेवून, पेटी डाव्या हातात घेऊन जिना उतरले.